हळदीकुंकवाला फ्रूट सॅलड: लिंबू-संत्र्याचं ड्रेसिंग नेमकं कधी घालायचं?

झुळूक

नमस्कार मंडळी,

रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. ठाण्यात राहते. सोसायटीतल्या, ऑफिसातल्या, जावेच्या ओळखीच्या धरून चाळीसेक जणी येतील. संक्रांतीपासून सगळ्याच घरोघर जातायत, त्यामुळे वडा, पॅटिस, ढोकळा, गुलाबजाम बघितलं की "माझं अर्धंच द्या हं" सुरू होतं. म्हणून यंदा ताज्या फळांचं सॅलड करायचं ठरवलंय. कस्टर्ड नाही, क्रीम नाही. नुसती फळं, आणि वर संत्र्याचा रस, लिंबू, थोडा गोडवा, पुदिना असं हलकं काहीतरी.

घरच्या चौघांसाठी हे नेहमी करते, त्यात प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की बायका पाच ते नऊ अशा येत राहणार. सगळं आधी कालवून ठेवलं तर सातपर्यंत त्याचं सार होणार. आणि प्रत्येकीसाठी वेगळं करत बसले तर कुंकू कोण लावणार?

शिवाय दोन जैन मैत्रिणी आहेत. मध आणि आलं चालत नाही.

तर फळं कोणती, ड्रेसिंग कधी, आणि चाळीस जणींना किती आणायचं, एवढं सांगा. वाण म्हणून काय लुटायचं ते ठरलंय, त्यावर सल्ले नकोत. :)

पाटी_कोरी

कस्टर्ड नाही म्हणता? आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगतीत गुलाबी वाटीतून यायचं ते, त्यात चेरीचा अर्धा तुकडा आपल्या वाट्याला आला की दिवस सार्थकी. असो. तुमचा धागा तुमचे नियम. वाचतोय.

रानमेवा

झुळूक, आधी फळं ठरवूया. ड्रेसिंगचे निम्मे प्रश्न चुकीच्या फळांमुळे येतात.

जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे फळांची चैन असते. माझी निवड अशी:

स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर-पाचगणी-वाईची आता जोरात असते. विंटर डॉन मिळाली तर छान, स्वीट चार्ली त्याहून गोड. रंगावर जाऊ नका, पेटीचं झाकण उघडून वास घ्या. आणि धुवायची ती देठासकट. देठ काढून धुतली की पाणी आत शिरतं, मग फळ पुचकं लागतं.

द्राक्षं. या दिवसांत नाशिकची यायला लागतात, पण सुरुवातीचा माल आंबट निघू शकतो. घडाच्या अगदी टोकाचा मणी खाऊन बघा. टोकाचा मणी सगळ्यात शेवटी गोड होतो, तो गोड असेल तर वरचे सगळे गोड. काळी शरद मिळाली तर रंग सुरेख दिसतो. द्राक्षं उभी अर्धी कापा. अख्ख्या मण्यावर ड्रेसिंग ठरत नाही, घरंगळून तळाशी जातं.

डाळिंब. भगवा जातीचं. हा तुमचा आधारस्तंभ, कारण दाणे तासन्‌तास तसेच राहतात. आदल्या रात्री सोलून डब्यात घालून फ्रीजमध्ये टाका.

पेरू. कडक हवा. बियांचा गाभा चमच्याने कोरून काढायचा आणि बाहेरचा गर पातळ, लांबट चिरायचा. व्हीएनआर जातीचा मोठा पेरू यासाठी सोयीचा, बिया कमी आणि करकरीत. चवीला मात्र साधा सफेदाच बरा, असं माझं प्रामाणिक मत.

पपई. बोटाने किंचित दबेल इतपतच पिकलेली. पूर्ण पिकलेली पपई सकाळी नाश्त्याला खा, सॅलडमध्ये तिचा लगदा होतो.

संत्रं हवंच, त्याबद्दल विदर्भातलं कोणीतरी येऊन लिहीलच. अननस चालेल, डोळे नीट काढून.

आता नको असलेली: चिकू (लिंबाशी जुळत नाही, शिवाय सगळ्याला मातकट रंग आणतो), कलिंगड (पाणी सोडतं, आणि याला अजून मोसम आहे), आणि केळं.

मीठभाकर

केळं नको? केळ्याशिवाय फ्रूट सॅलड? जळगावात असं बोलून दाखवा.

रानमेवा

मीठभाकर, जळगावात शिकरण खाईन की. चार तास चालणाऱ्या कार्यक्रमात केळं म्हणजे काळे डाग आणि बुळबुळ. घालायचंच असेल तर वाटीत वाढताना वरून चार चकत्या, त्याही तेव्हाच कापलेल्या.

कढई_मोठी

माझा छोट्या समारंभांना खाणं पुरवायचा व्यवसाय आहे, त्यामुळे हिशोब सांगतो.

इतर काही खायला असेल (असणारच, बायका एकच पदार्थ ठेवून थांबत नाहीत) तर माणशी 125 ग्रॅम कापलेलं फळ पुरतं. छोटी वाटी भरून. चाळीस जणींचं 5 किलो. हे कापलेलं वजन झालं. बाजारातून आणायचं साधारण साडेसात ते आठ किलो, कारण अननस जवळजवळ निम्मा वाया जातो, डाळिंबाचंही सालीत बरंच जातं, पपई आणि संत्र्याची साल-बी वेगळी. द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी मात्र जवळपास आहे तितकी पदरात पडते. म्हणून बजेट जुळवताना किलोचा भाव बघू नका, हाती काय उरतं ते बघा. डाळिंब महाग वाटतं तेवढं असतंच, द्राक्षं वाटतात त्यापेक्षा स्वस्त पडतात.

आता पाच ते नऊचं. प्रत्येक फळ वेगळ्या डब्यात, कापलेलं, फ्रीजमध्ये. ड्रेसिंग बाटलीत, तेही फ्रीजमध्ये. एका मोठ्या वाडग्यात आठ-दहा जणींपुरतंच कालवायचं. ते संपत आलं की पुढचं. एका घाण्याला दोन-तीन मिनिटं लागतात. एखादी भाची-पुतणी या कामावर बसवा आणि तुम्ही कुंकू लावा.

वाडगं टेबलावर ठेवताना खाली पसरट परातीत बर्फ. बर्फ परातीत, फळांत नाही. कापलेलं फळ बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये हा आमच्या धंद्यातला नियम, उन्हाळ्यात तासच.

कागदी द्रोण आणू नका. रसाने खालून गळतात आणि काठाच्या साड्यांवर डाग पडतात. झाकणाचे छोटे कप किंवा घरच्या स्टीलच्या वाट्या.

निशिगंध

घरात आजेसासूबाईंच्या पितळी वाट्यांचा सुंदर सेट असेल तर त्यात किती छान दिसेल नाही?

कढई_मोठी

दिसेल, पण कळकेल. लिंबू-संत्रं आणि पितळ हे जमायचं नाही, कल्हई चकचकीत असेल तरच विचार करा. पितळी तबकात हळदीकुंकू ठेवा, सॅलड स्टील नाहीतर काचेत.

संत्रानगरी

आलो रानमेवा ताई, बोलावलं तं यावंच लागते.

पहिली गोष्ट. मुंबई-ठाण्याकडे या दिवसांत 'नागपूर' म्हणून जे ढिगानं विकते त्यातलं बरंच किन्नो असते. पंजाब आणि राजस्थानातल्या श्रीगंगानगरकडून येते. ओळखायचं कसं? किन्नोची साल घट्ट, गुळगुळीत, चकचकीत. आमच्या संत्र्याची साल सैल, देठाकडे जराशी वर आलेली, हातात घेतलं की आत फळ वेगळं हलल्यासारखं वाटते. सोलताना नागपुरीला नखही नीट लावायला लागत नाही. किन्नोत बिया जास्त. मुळात तो कॅलिफोर्नियातला संकर, 1935 मध्ये लोकांसमोर आला. वाईट फळ नाही, रस भरपूर असते, पण आंबटपणा जास्त आणि रस ठेवला की कडू होते.

आमच्याकडे दोन बहार, म्हणजे फळांचे दोन हंगाम. आंबिया पावसाळा संपता संपता सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुमची तारीख बरोबर मधली आहे, तवा घेताना एक सोलून खाऊन पाहा, लाजू नका.

आता सॅलडसाठी फोड कशी काढायची ते. घाई करणारे फोडी तशाच टाकतात, मग दाताखाली पातळ कातडं येते. फोडीच्या आतल्या, सरळ बाजूला, जिकडे बिया असतात तिकडे, कात्रीनं नाहीतर चाकूच्या टोकानं एक चीर द्या. दोन्हीकडचं कातडं पुस्तक उघडल्यासारखं मागं करा. बिया आपोआप दिसतात, त्या काढा. गर अख्खा निघते, मोत्यासारख्या दाण्यांचा. हे काम वाडग्यावर धरूनच करा, जो रस गळते तोच ड्रेसिंगला घ्या. मोठं काम नाही, टीव्ही पाहत पाहत होऊन जाते.

आणि रसासाठी मिक्सर लावू नका बापा. बी चिरडली की कडू झालंच समजा. लाकडी नाहीतर काचेच्या रसपिळणीवर हलक्या हातानं.

झुळूक

कढई_मोठी, संत्रानगरी, किती छान लिहिलंत. साड्यांवरचे डाग हा मुद्दा डोक्यातच नव्हता.

ड्रेसिंगचं प्रमाण कोणी सांगेल का, मधाशिवाय? आणि रस सकाळी काढून ठेवला तर चालेल?

सामू_सात

अन्नतंत्रज्ञान हा माझा विषय, म्हणून जरा लांबण लावतो.

रस सकाळी काढू नका. संत्रं, मोसंबी, किन्नो या सगळ्यांत कमीअधिक एक गंमत आहे. फळात असताना कडू नसलेला एक घटक रस काढल्यावर, त्यातल्या आम्लामुळे, हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, आणि लिमोनिन भयंकर कडू. म्हणून मोसंबीचा रस ताजा गोड लागतो आणि तासाभराने घशात कडवट येतो. पांढरी साल आणि बिया रसात गेल्या तर आणखी वेगाने. चार वाजता काढा. साडेसात-आठला पुन्हा थोडा ताजा काढलात तर उत्तम. लिंबाचा रस मात्र दुपारी काढून ठेवलात तरी फारसं बिघडत नाही, फक्त वास थोडा मंदावतो.

दुसरं, तुमचं ते 'सार' का होतं. मीठ आणि साखर फळातलं पाणी बाहेर ओढतात. लिंबू त्यामानाने गरीब आहे. म्हणून ड्रेसिंग दोन भागांत करा. एक भाग म्हणजे लिंबू आणि संत्र्याचा रस, गोड-मीठ काही नाही. पेरू, सफरचंद अशी काळी पडणारी फळं कापल्याबरोबर यातल्या दोन-तीन चमचे रसात घोळवून डब्यात भरा. कापलेल्या भागावर हवेच्या संपर्काने एक एन्झाइम काम करून तपकिरी रंग आणतं. आम्लात ते मंदावतं आणि क जीवनसत्त्वही त्याच्या आड येतं. फळ दोन-तीन तास ताजं दिसतं. गोडवा आणि मीठ हा दुसरा भाग, तो फक्त कालवताना.

प्रमाण, 1 किलो कापलेल्या फळांना:

संत्र्याचा रस 60 मिली, लिंबाचा रस 30 मिली, पिठीसाखर दोन चहाचे चमचे, सैंधव पाव चमचा, संत्र्याची किसलेली साल अर्धा चमचा, चिमूटभर मिरपूड, पुदिन्याची आठ-दहा पानं.

तुमच्या 5 किलोला पाचपट: संत्र्याचा रस 300 मिली, लिंबाचा 150. मध्यम कागदी लिंबू 15 ते 20 मिली रस देतं, म्हणजे आठ-दहा लिंबं. फळं आंबट निघाली तर लिंबू कमी करा, साखर वाढवू नका.

वाचून कमी वाटेल. तेवढंच बरोबर आहे. वाडग्याच्या तळाशी चमचाभरापेक्षा जास्त रस साचला तर ते हलकं ड्रेसिंग राहिलं नाही.

आंबट_चुका

साल किसण्याबद्दल एक. नागपुरी संत्रं सोलल्यावर साल किसायला गेलात तर जमणार नाही, ती लवचीक असते, किसणीवर वळते. अख्खं संत्रं असतानाच बारीक किसणीवर एकदाच, हलकेच फिरवायचं, मग सोलायचं. नारिंगी भाग गेला आणि पांढरं दिसलं की थांबायचं. परदेशी, चकचकीत संत्र्यांवर मेण लावलेलं असतं, ती सालीसाठी घेऊ नका, घेतलीच तर कोमट पाण्यात ब्रशने घासून.

कागदी लिंबाची साल मी या कामाला वापरत नाही. फार पातळ, लगेच कडू भागाला लागते. ईडलिंबू मिळालं तर मात्र त्याची साल किसा, काय सुगंध असतो!

पुदिना सुरीने चिरू नका, काळा पडतो. वाढताना हाताने तोडून.

मीठभाकर

यात चाट मसाला कुठेय? मिरपूड, सैंधव हे सगळं ठीक, पण चाट मसाला भुरभुरला की फळाला जान येते. दिल्लीतली फ्रूट चाट खाल्ली नाहीत वाटतं कोणी.

निशिगंध

शुक्रवार आहे ना, येणाऱ्यांपैकी कोणाचा तरी उपास असणार. विकतच्या चाट मसाल्यात हिंग असतो, आणि बाजारच्या हिंगात कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो. आमच्याकडे उपासाला चालत नाही. सैंधव, मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड इतकंच ठेवा. जिरंही काही घरांत चालत नाही, म्हणून ते वेगळ्या वाटीत.

मीठभाकर

मग चाट मसालाही वेगळ्या वाटीत. माझ्यासारख्यांनी काय पाप केलंय?

झुळूक

वेगळ्या वाटीत. मान्य. भांडू नका.

सिएटलकर

इकडे आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला मी असंच सॅलड नेते, पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकीने काहीतरी करून आणायचं. फळं अर्थात वेगळी: ब्लूबेरी, काराकारा संत्री, किवी. इथे येणाऱ्या नवीन मुलींसाठी एक माहिती: दुकानातली मोठी पिवळी लेमन आपल्या लिंबाच्या जागी घातली तर चव सपाट लागते. हिरवी, बिनबियांची पर्शियन लाइम त्यातल्या त्यात जवळ. आपल्या कागदी लिंबाची खरी बहीण म्हणजे की लाइम, छोट्या जाळीत मिळते, बिया भरपूर, पण वास तोच.

आणि एक प्रश्न. इथल्या बहुतेक रेसिपींत ड्रेसिंगला चमचाभर ऑलिव्ह तेल असतं. तुम्ही कोणी घालता का?

पाटी_कोरी

फळांना तेल? पुढे फोडणी पण द्या.

सामू_सात

पाटी_कोरी, चेष्टा बाजूला, त्याला कारण आहे. सालीतला आणि पुदिन्यातला सुगंध तेलात विरघळतो आणि फळावर चिकटून राहतो. पानांचं सॅलड, त्यात संत्र्याच्या फोडी, असं काही असेल तर मी घालतो. नुसत्या गोड फळांना नको. थंड फळावर तेलाचा जिभेला तुपकट लेप बसतो. झुळूकच्या कार्यक्रमात तर अजिबात नको.

आंबट_चुका

तेलाऐवजी तीळ! संक्रांतीचे दिवस आहेत, पांढरे तीळ कोरडे भाजून वाढताना वर अर्धा चमचा. पपई आणि संत्र्याबरोबर फार छान लागतात, शिवाय कुरकुरीत काहीतरी दाताखाली येतं. तिळगूळ दिल्यासारखंही झालं.

झुळूक

हे मी नक्की करणार!! कोणाला सुचलंच नव्हतं.

माटोळी

मी गोव्याची. लिंबू-संत्र्याचं चाललंय आणि पपनसाचं नाव कोणी काढलं नाही? आमच्याकडे तोरंजन म्हणतात, चतुर्थीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या चौकटीला, बांधतोच. खरा हंगाम तेव्हाचा, पण झाडावर उशिराची राहिलेली फळं कधी कधी मिळतात. संत्र्याची फोड काढायची जी युक्ती वर दिलीय तीच इथे लागू, फक्त कातडं जाड असल्यामुळे काम सोपं. दाणे मोठे, कोरडे, एकमेकांपासून सुटे होतात, वाडग्यात अजिबात पाणी सुटत नाही. चार तास ठेवायला याच्यासारखं फळ नाही. गुलाबी गराचं मिळालं तर दिसायलाही सुंदर.

आणि कलिंगडाच्या दिवसांत लिंबाऐवजी कोकमाचं आगळ चमचाभर घालून बघा. आगळात मीठ असतं, तेव्हा वेगळं मीठ नको.

गोळी_पाणी

माटोळी ताईंच्या सूचनेत एक धोक्याची सूचना जोडते, मी औषधांच्या दुकानात बसते.

ग्रेपफ्रूट आणि पपनस ही दोन्ही फळं काही औषधांशी जुळत नाहीत. आतड्यातलं जे एन्झाइम गोळीचा काही भाग निकामी करतं, ते ही फळं बंद पाडतात, मग रक्तात औषध अपेक्षेपेक्षा जास्त जातं. कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिन, ॲटोर्वास्टॅटिन, रक्तदाबाची फेलोडिपिन, आणि प्रत्यारोपणानंतरची काही औषधं या यादीत येतात. फेलोडिपिनवर काम करताना कॅनडातल्या संशोधकांच्या हे योगायोगाने लक्षात आलं होतं. सकाळी गोळी घेतली आणि संध्याकाळी फळ खाल्लं म्हणून परिणाम टळत नाही, तो बराच काळ टिकतो.

हळदीकुंकवाला साठीच्या पुढच्या बायका असतातच, आणि त्यातल्या कितीजणी कोलेस्टेरॉलची गोळी घेतात ते विचारत बसणं बरं दिसत नाही. म्हणून सार्वजनिक वाडग्यात पपनस नको. घरी, माहितीच्या माणसांत, खुशाल खा. नेहमीच्या गोड संत्र्यांचा हा त्रास नाही.

माटोळी

हे मला ठाऊक नव्हतं. ग्रेपफ्रूटबद्दल ऐकलं होतं, तोरंजनही त्यात येतं हे नवीन. धन्यवाद.

सिएटलकर

इकडे गोळ्यांच्या बाटलीवर ग्रेपफ्रूटचं चित्र आणि फुली असलेला स्टिकर असतो. तरी पॉटलकला ग्रेपफ्रूट घालणारे असतात. पुढच्या वेळी चिठ्ठी लावायला सांगते.

वांगी_भरली

मधुमेह असलेल्यांसाठी काय? माझ्या आईला सगळे "फळंच तर आहेत" म्हणून भरभरून देतात.

गोळी_पाणी

वाटी लहान ठेवा, पेरू, संत्रं, स्ट्रॉबेरी जास्त आणि द्राक्षं कमी. साखर न घातलेला एक घाणा वेगळा काढता येईल. मध 'नैसर्गिक' म्हणून चालतो हा गैरसमज, तीही साखरच. बाकी प्रत्येकाचं पथ्य ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं.

निशिगंध

जैन मैत्रिणींबद्दल: आल्याऐवजी सुंठेची चिमूट बहुतेक जणींना चालते, तरी एकदा विचारून घ्या. आणि त्यांना पाचलाच बोलवा. कित्येक जणी सूर्यास्तानंतर खात नाहीत, सातला बोलावून हातात वाटी दिलीत तर बिचाऱ्या नुसत्या बघत बसतील.

झुळूक

अगं हो! हे बरं सांगितलंस, मी त्यांना साडेसहा सांगणार होते.

सगळं वाचून माझं असं ठरलंय. फळं: स्ट्रॉबेरी, काळी द्राक्षं, डाळिंब, पेरू, पपई, संत्रं. अननस रद्द, सोलायचा कंटाळा. गुरुवारी रात्री सगळी कापून डब्यात. शुक्रवारी चार वाजता रस. दहा-दहा जणींचं कालवायचं, पुतणी तयार आहे (मोबाईल चार्ज करून देईन या अटीवर). पिठीसाखर, सैंधव, मिरपूड कालवताना. वर तीळ आणि पुदिना. बाजूला दोन वाट्या, जिरेपूड आणि चाट मसाला.

काही राहिलं का?

रानमेवा

एक बदल. गुरुवारी रात्री फक्त डाळिंब सोला, आणि हवं तर द्राक्षं धुऊन, पुसून, अख्खी ठेवा. ओली ठेवू नका. पपई आणि पेरू शुक्रवारी दुपारी तीनच्या पुढे. स्ट्रॉबेरी तर सगळ्यात शेवटी, आणि ती मोठ्या डब्यात एकावर एक रचू नका, खालच्या थराचा जॅम होतो. ताटात एकेरी पसरून, वर ओलसर मलमलचं फडकं.

संत्र्याच्या फोडी दुपारी काढल्यात तरी चालेल.

कढई_मोठी

आणि पपई कालवताना सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने, डावाने नको. आधी पेरू, द्राक्षं, संत्रं ड्रेसिंगमध्ये घोळवा, मग पपई-स्ट्रॉबेरी, डाळिंब वरून.

आठनंतर घाणा पाच-सहा जणींचाच करा. शेवटी येणाऱ्यांचा नेम नसतो. कालवलेलं उरलं तर दुसऱ्या दिवशी कोणी खात नाही, न कालवलेली फळं सकाळी डब्याला जातात.

वांगी_भरली

आणि बाटलीत ड्रेसिंग उरलं तर?

आंबट_चुका

थंड पाणी, चिमूटभर मीठ, सरबत. पण त्याच रात्री, सामू_सात यांनी कडवटपणाचं सांगितलंय ना.